अव्यक्त खर्च

माझा भाऊ इंजिनिअर झाला तो माझ्या अर्थशास्त्रावर. हे वाक्य आमच्या घरात मी कधी मोठ्याने बोलले नाही, म्हणून इथे पहिल्याच ओळीत लिहून टाकते. वाचून कुणाला राग आला तर येऊ दे. माझाही अजून गेलेला नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. भाऊ नागपूरला इंजिनिअरिंगला होता आणि तिसऱ्या वर्षाला त्याला औद्योगिक अर्थशास्त्राचा एक पेपर होता. तसा तो नावापुरताच. पोरं त्या तासाला मागच्या बाकांवर बसून दुसऱ्याच विषयाच्या आकृत्या पूर्ण करायची, शिकवणारे सर बिचारे फळ्याशी बोलायचे, आणि परीक्षेच्या आधी कुणाच्या तरी नोट्स डोळ्यांखालून घातल्या की विषय निघायचा. भावाचं गणित निघालं, यंत्रांचे पेपर निघाले, ज्याला सगळे टरकायचे ते ड्रॉइंगही निघालं, आणि हा एवढासा पेपर राहिला. निकाल घेऊन तो भंडाऱ्याला घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून आईने आधी पाण्याचा लोटा पुढे केला आणि मग विचारलं, काय झालं.

आमचं घर विणकरांच्या आळीतलं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा खणून माग बसवलेला होता. त्या खड्ड्यात पाय सोडून बाबा दिवसभर नऊवारी लुगडी विणायचे आणि त्यांच्या पाठीमागे भिंतीशी आई आणि मी चरखे घेऊन कांड्या भरायचो. कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसते ती बोटाएवढी नळी. तिच्यावर सूत गुंडाळून द्यायचं. धोटा इकडून तिकडे पळतो तसं ते सूत सुटत जातं आणि लुगडं भरत जातं. कांडी संपली की माग थांबतो. म्हणून विणणाऱ्याच्या घरी कुणीतरी सतत कांड्या भरत असावंच लागतं. हे कुणीतरी म्हणजे घरातली बाई, हे आमच्या आळीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. विणकरांची सोसायटी सूत द्यायची आणि लुगड्यामागे मजुरी द्यायची. मजुरी विणणाऱ्याची. कांडीवालीची अशी वेगळी मजुरी कुणी ऐकलेलीसुद्धा नव्हती.

लहानपणी भाऊही कांड्या भरायचा, आणि छान भरायचा. मॅट्रिकला चांगले मार्क पडले तेव्हापासून त्याने चरख्याला हात लावला नाही. तो इंजिनिअर होणार होता ना. त्याच्या वाटच्या कांड्या माझ्याकडे आल्या. कॉलेजला जायच्या आधी आणि कॉलेजातून आल्यावर मी त्या भरायचे, आणि त्याबद्दल मला तेव्हा काही वाटतही नव्हतं.

तर त्या दिवशी बाबांनी धोटा थांबवला. एवढे मोठमोठे विषय निघाले अन् हा कोन्ता विषय अडला, असं त्यांनी विचारलं.

"काई नाई बाबा, आर्ट्सवाल्यायचा विषय हाय," भाऊ म्हणाला.

मी तिथेच बसले होते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. नापास झालेला माणूस ज्या विषयात नापास झाला त्यालाच नाक मुरडतो, हे मी त्या दिवशी जवळून पाहिलं. घरात मात्र सुतक लागल्यासारखं झालं. दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही. रेडिओसुद्धा बंद.

आता माझं सांगते. मला एम.ए. करायचं होतं. नागपूरला, विद्यापीठात, वसतिगृहात राहून. हे खूळ माझ्या डोक्यात आमच्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या सरांनी घातलं. तेव्हा जिकडेतिकडे अकरावी-बारावीचे वर्ग उघडत होते आणि हा विषय शिकवायला माणसं मिळत नव्हती. पहिला वर्ग आण, एम.ए. कर, लाखनीला की मोहाडीला, कुठेही तुला बोलावून नेतील, असं सर म्हणायचे. मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसायचं. हातात खडू, मागे फळा, आणि महिन्याच्या शेवटी सही करून घ्यायचा माझा स्वतःचा पगार. आमच्या आळीतल्या एकाही बाईने तोवर कशावर सही करून पैसे घेतले नव्हते.

बाबांना मी हे सांगून ठेवलं होतं आणि ते "पाहू" म्हणाले होते. बाबांचं "पाहू" फार लवचीक असायचं. त्यात हो मावायचं आणि नाहीही मावायचं. पण भाऊ नापास झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पहिल्यांदाच सरळ बोलले.

"त्याले तू शिकव, बाई. त्याचा पेपर निघाला का मंग तुह्या नागपूरचं पाहू."

म्हणजे माझं एम.ए. त्याच्या पेपरला बांधलं गेलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आनंदच झाला, कारण तो पेपर काढून देणं माझ्या हातात होतं.

तो एक पेपर मागे ठेवून शेवटच्या वर्षाला गेलेला भाऊ हिवाळी परीक्षेच्या आधी, दिवाळीच्या सुटीत, घरी आला. मी शिकवायचे ते चरख्यापाशी बसूनच, कारण शिकवणीसाठी माग थांबत नव्हता. तो बाजेवर, मांडीवर जाडजूड इंग्रजी पुस्तक. त्याने व्याख्या घडाघडा म्हणायच्या आणि मी विचारलं की अर्थ काय, तर तोंडाकडे पाहायचं. त्याला इंग्रजी येत होतं आणि विषय कळत नव्हता. मला विषय कळत होता आणि मी मराठीतून शिकलेली. दोघांचं मिळून एक माणूस झालं असतं तर बरं झालं असतं.

सुरुवात सीमान्त उपयोगितेपासून केली. आईने तळ्यातले शिंगाडे उकडून ठेवले होते आणि भावाला ते जीव की प्राण. मी ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि प्रत्येक शिंगाड्यानंतर विचारत गेले, आता कसा लागला. पहिल्याला डोळे मिटले. पुढे पुढे नुसता "हूं." मग त्याने ताट आपणच बाजूला सारलं. म्हटलं, झालं, हाच तो घटत्या उपयोगितेचा सिद्धान्त, तुझ्या पुस्तकात चार पानं घेतली आहेत त्याला. तो हसला. त्याला पहिल्यांदा काहीतरी कळलं होतं. आईही हसली, आणि उरलेले शिंगाडे तिने माझ्यासाठी झाकून ठेवले. त्या सुटीतले ते दिवस चांगले गेले, हे कबूल केलं पाहिजे. भाऊ इतका माझ्याजवळ त्याआधी कधी बसला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

मागणीची लवचीकता त्याला लुगड्यांवरून समजावली. लग्नसराईत बाजारातला कापडाचा शेठ भाव वाढवतो तरी गिऱ्हाईक घेतं आणि ऐन भाताच्या रोवणीच्या दिवसांत भाव पाडला तरी कुणी दुकानात फिरकत नाही, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. फक्त त्याला नाव असतं हे माहीत नव्हतं. मग आला संधी खर्च. एक गोष्ट केली म्हणून दुसरी जी करता आली नाही, ती गेलेली दुसरी म्हणजे पहिलीची किंमत. हे त्याच्या डोक्यात शिरेना. मी मागाकडे वळून म्हटलं, बाबा, आज तुम्ही विणलंत म्हणून काय करायचं राहिलं? बाबांनी खड्ड्यातूनच सांगितलं की काही राहिलं नाही, आज फक्त विणलंच. आम्ही दोघं इतके हसलो की माझ्या हातातलं सूत तुटलं.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट पुढची. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात खर्चावर एक मोठं प्रकरण होतं. कारखाना काढायचा तर वस्तू किती रुपयांना पडली हे इंजिनिअरला काढता आलं पाहिजे, म्हणून. त्यात दोन प्रकारचे खर्च होते. एक दिसणारा, पैसे मोजून देतो तो. दुसरा न दिसणारा, अव्यक्त खर्च. मालकाची स्वतःची जागा, मालकाची स्वतःची मेहनत, ज्यासाठी खिशातून काही जात नाही, पण जी बाहेरून आणायची म्हटली तर पैसे पडले असते. भावाला हे कळेना. ज्याला पैसे दिलेच नाहीत तो खर्च कसा, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. त्याच्यासारखंच पुष्कळांना वाटतं.

मी म्हटलं, आपल्या एका लुगड्याचा खर्च मांड. त्याने मांडला. सूत सोसायटीचं, म्हणून सोडून दिलं. सुताला लावायच्या खळीसाठी तांदूळ, कंदिलाचं तेल, धोट्याची दुरुस्ती, बाबांची मेहनत. बाबांची मेहनत त्याने आपणहून लिहिली, त्याबद्दल मी त्याला शाबासकी दिली. मग तो पेन्सिल खाली ठेवू लागला.

"अन् मी?" मी विचारलं.

"तू काय?"

"ह्या कांड्या कोण भरते?"

तो खरोखर बुचकळ्यात पडला. ही कांड्यांची गोष्ट खर्चात कुठून आली, असा त्याचा चेहरा. म्हणाला, तू त घरचीच होय. मी चरखा थांबवला. त्याला म्हटलं, उद्या मी या घरात नसले तर? आई एकटी पुरी पडणार नाही. बाहेरची बाई ठेवावी लागेल. तिला जे द्यावं लागेल तो माझा खर्च. आज देत नाही म्हणून तो नाही असं होत नाही, तो प्रत्येक लुगड्यात विणलेला आहे. माझा आणि आईचाही.

हे मात्र त्याला एका झटक्यात कळलं. त्याने आईचं आणि माझं काम लिहिलं, शेजारच्या आळीत अशा कामाला बाई काय घेईल ते बाबांना विचारलं, बेरीज केली आणि शीळ घातली. बाबांचा माग केव्हाचा थांबला होता. त्यांनी विचारलं की म्हणजे लुगडं आपल्याला मजुरीपेक्षा महाग पडतं काय. मी हो म्हटलं. त्यांनी हातातला धोटा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, असं मोजत बसलं त माग बुडते, आणि धोटा मारायला लागले.

मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं. मला वाटलं, कळलं यांना. आई आणि मी त्या भिंतीशी बसून इतकी वर्षं काय करतो आहोत ते आज आमच्या घरात कुणीतरी कागदावर लिहिलं. मी खुळी होते, असं आज म्हणता येतं. तेव्हा मला तसं वाटायला काही कारण नव्हतं.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. भावाने विणकराच्या घराचं उदाहरण लिहिलं आणि त्याला त्या पेपरात इतके मार्क पडले की बाकीच्या कुठल्याच विषयात तसे कधी पडले नव्हते. नागपूरहून तो पेढे घेऊन आला. त्याच्या सरांनी म्हणे त्याला बोलावून विचारलं, हे उदाहरण कुठलं. आमच्या घरचं, असं आपण उत्तर दिल्याचं त्याने मोठ्या ऐटीत सांगितलं. बहिणीने शिकवलं, हे सांगायचं त्याला सुचलं नाही. आईने पेढा देवापुढे ठेवला, मग बाबांना दिला, मग भावाच्या तोंडात भरवला. मी चौथी.

उन्हाळ्यात तो शेवटच्या वर्षाला पास होऊन घरी येऊन बसला. मला बी.ए.ला पहिला वर्ग मिळाला. कॉलेजात पोरींमध्ये एकटीला. सरांनी एम.ए.चा फॉर्म स्वतः आणून दिला आणि म्हणाले, उशीर करू नकोस. मी सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती. फी गरिबांसाठीच्या ई.बी.सी. सवलतीत माफ होणार होती. पुस्तकं सर देणार होते. राहिला वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च, तोही पार आवाक्याबाहेर नव्हता. याच घरातून त्याच गावी एक जण चार वर्षं शिकून आला होता.

मी बाबांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली. ते म्हणाले, दिला होता, नाही कशाला म्हणू, पण एकदा भावाला विचारू, तो शिकलेला आहे. बाबांचा आता कुठल्याही बाबतीत भावाला विचारल्याशिवाय पाय पुढे पडत नव्हता. नोकरी अजून लागायची होती. जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या बसगाड्या सकाळी रस्त्याने गेल्या की बाबा त्यांच्याकडे अशा डोळ्यांनी पाहायचे की जणू भाऊ आत बसलाच आहे. भाऊ दिवसभर इस्त्रीचा शर्ट घालून घरात वावरायचा आणि टपालवाल्याची वाट बघायचा.

रविवारी जेवणं झाल्यावर सगळे पुढच्या खोलीत बसले. मी फॉर्म हातात घेऊन बसले होते. भावाने एक कोरा कागद घेतला आणि माझा खर्च मांडायला सुरुवात केली. फी, वसतिगृह, जेवण, जाण्यायेण्याची एस.टी. माझे आकडे आणि त्याचे आकडे जुळले. मला हायसं वाटलं. बाबाही मान हलवत होते. मग भावाने त्याखाली एक रेघ मारली आणि म्हणाला, हा झाला दिसणारा खर्च, आता अव्यक्त खर्च मांडू.

त्याने माझाच शब्द वापरला. पुस्तकातला इंग्रजी शब्द नाही, मी दिवाळीत त्याला सांगितलेला मराठी शब्द.

ही नागपूरला गेली तर कांड्या कोण भरेल, असं त्याने बाबांना विचारलं. बाई ठेवावी लागेल. तिची दोन वर्षांची मजुरी हिच्या एम.ए.च्या खर्चात धरली पाहिजे. आणि ती धरली तर हे शिक्षण आपल्याला झेपत नाही. वर आणखी असं, की पुढे नोकरी लागलीच तर तो पगार तिच्या सासरी जाईल; पैसा आपण लावायचा आणि फळ दुसऱ्याच्या घरी. तो अगदी शांतपणे बोलत होता. मनात काही काळंबेरं ठेवून बोलत होता असंही नाही. एखादा पूल बांधायचा की नाही हे सांगावं तसं तो सांगत होता. मला वाटतं, हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

आईने चरखा सोडला नव्हता. ती म्हणाली, "मी भरन एकली. तिले जाऊ द्या."

एवढं एकच वाक्य तिने माझ्यासाठी म्हटलं आणि त्यासाठी मी तिची जन्मभर ऋणी आहे. पण भावाने लगेच तिची काळजी केली. तुझे डोळे आधीच गेले, दिव्यात सूत दिसत नाही तुला, तुला मरेस्तोवर राबवायचं आहे का. झालं. आता मी हट्ट धरला असता तर तो आईच्या डोळ्यांच्या किमतीवर धरल्यासारखा झाला असता. इतक्या वर्षांत आईच्या डोळ्यांची आठवण कुणाला झाली नव्हती, ती बरोबर त्या दुपारी झाली.

मी एवढंच म्हटलं की माझी मजुरी आजवर कुणी मोजली नाही, मग आजच कशी मोजता.

"तूच त शिकवलं," भाऊ म्हणाला. "चुकलं काय माह्यं? सांग, कुठं चुकलं."

चूक मला सापडेना. पेपर तपासायला आला असता तर पूर्ण मार्क द्यावे लागले असते. बाबांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, बरोबर हाय त्याचं. मग ते खड्ड्यात उतरले. कांडी संपलेली होती, म्हणून मी भरून दिली.

चूक दुसऱ्या दिवशी सापडली, जशी ती नेहमी सापडते. मी घर सोडून गेले तर माझी मजुरी खर्च धरायची, मग मी घरात राहिले तर तीच मजुरी मला द्यायला नको? जाताना मोजायची आणि राहताना विसरायची, असं कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे? भाऊ अंगणात बुटांना पॉलिश करत होता. मी जाऊन त्याला हे विचारलं. आणखी विचारलं, तू चार वर्षं नागपूरला होतास तेव्हा तुझ्या वाटच्या कांड्यांची मजुरी तुझ्या इंजिनिअरिंगमध्ये का नाही धरली?

"त्या त तूच भरल्या," तो म्हणाला. "बाहेरची बाई कुठं ठेवा लागली?"

त्याला आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता. तो वर म्हणाला, तू लय मनावर घेऊन राहिली, हिशेब होय तो, आणि दुसरा बूट हातात घेतला.

फॉर्मची मुदत गेली तेव्हा सर घरी आले. बाबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. मी आतून ऐकत होते. सर म्हणाले, पोरगी हुशार आहे, वाया घालवू नका. बाबा हात जोडून म्हणाले, आम्ही त तयार होतो जी, तिचीच इच्छा नाई. बाबा खोटं बोलणारे नव्हते. लाजेने बोलले, हे मला कळतं. पण सर मला पुढे रस्त्यात भेटले तेव्हा कसे पाहायचे, ते मी कुणाला सांगू? त्यांना वाटलं मीच कच खाल्ली.

भावाला पुढल्या वर्षी दूरच्या गावी कारखान्यात नोकरी लागली. तो गेला, मनिऑर्डर यायला लागली, बाबांची कॉलर ताठ झाली. मी कांड्या भरत राहिले. पण यंत्रमागाची स्वस्त लुगडी बाजारात येऊन पडत होती आणि सोसायटी सूत द्यायला टाळाटाळ करायची. आळीतले माग एकेक करून बंद होऊ लागले. बाबांचे गुडघेही आता खड्ड्यात उतरायला कुरकुरायचे. भाऊ सुटीवर आला तेव्हा त्याने सांगितलं, पुरे झालं, त्याचं लग्न ठरतंय, पाहुणे येतील, पुढची खोली नीट करू. एका सकाळी माग मोडून बाहेर काढला. खड्ड्यात मुरूम भरला, धुमसला, वरून फरशी बसवली. खोली एकदम मोठी दिसायला लागली. चरखे माळ्यावर गेले.

मी वाट बघितली. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल. ज्या कांड्यांसाठी मला ठेवून घेतलं त्या कांड्या आता या घरात नव्हत्या. त्या कागदावरची रेघेखालची सगळी बाजू पुसली गेली होती. अर्थशास्त्र सोडा, साधी गोष्ट होती. फरशी पुसताना, स्वयंपाक करताना, रोज मला वाटायचं की आज बाबा म्हणतील, किंवा भावाचं पत्र येईल. कुणी म्हटलं नाही. शेवटी मीच बाबांना विचारलं, आता कांड्या भरायच्या नाहीत, मग आता जाऊ का नागपूरला.

बाबांना आधी मी कशाबद्दल बोलते आहे तेच कळलं नाही. मग कळलं. "आता?" ते म्हणाले. "आता त तुह्या लग्नाचं पाहून राहिलो ना, बाई." प्रेमाने म्हणाले. डोक्यावर हातही ठेवला.

भावाचं लग्न झालं आणि त्याच वर्षी लाखनीकडचे पाहुणे मला बघायला आले. हायवेवर दुकान होतं त्यांचं. नव्या फरशीवर सतरंजी टाकली होती. भाऊ मुद्दाम रजा काढून आला होता. घरातला शिकलेला माणूस म्हणून बोलणी त्यानेच करायची होती. मी चहाचा ट्रे घेऊन पुढच्या खोलीत गेले तेव्हा मुलाच्या काकांनी त्याला विचारलं, बी.ए. झाल्यापासून पोरगी काय करते.

"काई नाई करत जी," भाऊ म्हणाला. "घरीच असते."

आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात ट्रे होता. काकांनी विचारलं चहात साखर किती घातली आहे, आणि मी सांगितलं.